कला शाखेची पदवी आणि सर्जनशील व्यवसायाच्या वाटा : महाविद्यालयीन अध्यापकांसाठी एक विवेचन

गोषवारा

कला शाखेच्या पदवीनंतर अध्यापन आणि स्पर्धा परीक्षा हे दोनच मार्ग उरतात, असा समज महाराष्ट्रातील विद्यार्थी-पालकांमध्ये रूढ आहे. प्रस्तुत लेखात भाषा, इतिहास व सामाजिक शास्त्रे यांच्या अभ्यासातून मिळणाऱ्या क्षमता कोणत्या, त्या अनुवाद, दृकश्राव्य माध्यमे, वारसा-संवर्धन, प्रकाशन आणि भाषातंत्रज्ञान या क्षेत्रांत कशा उपयोगी पडतात, या वाटेवर कोणत्या आर्थिक व कायदेशीर अडचणी येतात आणि महाविद्यालयीन विभागांना काय करता येईल, याचे विवेचन केले आहे. लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे.

१. प्रास्ताविक

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि त्याची बी. ए.ची पहिली परीक्षा १८६२ साली पार पडली. त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांमध्ये महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघे होते. पुढे रानडे न्यायासनावर बसले, अर्थशास्त्रावर लिहिते झाले, सामाजिक सुधारणेचे नेते ठरले. भांडारकर प्राच्यविद्येकडे वळले आणि त्यांच्या नावाने १९१७ साली पुण्यात संशोधन मंदिर उभे राहिले. पदवी एकच, पण तिच्यातून निघालेल्या वाटा निरनिराळ्या. त्या काळी पदवीधरच इतके थोडे होते की ‘बी. ए. करून पुढे काय?’ हा प्रश्न फारसा कोणाला पडत नसे.

आज हा प्रश्न दहावीच्या निकालापासूनच विचारला जातो. विज्ञान, मग वाणिज्य आणि शेवटी कला, अशी उतरंड अनेक घरांत गृहीत धरलेली असते. कला शाखेत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला घरचे समजूत घालून सांगतात की, बी. एड. करून शिक्षक होता येईल, नाही तर स्पर्धा परीक्षा देता येईल. हे दोन्ही मार्ग सन्मानाचे आहेत. मात्र अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील भरती वर्षानुवर्षे रखडते, हे अध्यापकवर्गाला स्वानुभवाने ठाऊक आहे. स्पर्धा परीक्षांत जागा हजारांच्या आत आणि उमेदवार लाखांच्या घरात, हे प्रमाणही सर्वांच्या परिचयाचे आहे. पंचविशी-तिशीपर्यंत अभ्यासिकेत बसून रिकाम्या हाताने गावी परतणारा कला शाखेचा पदवीधर ही आज तालुक्या-तालुक्यांतील वस्तुस्थिती आहे.

अशा वेळी ‘काही तरी वेगळे करा, आवड जोपासा’ असा सल्ला दिला जातो आणि दाखल्यासाठी एखाद्या नामवंत कलावंताचे नाव घेतले जाते. या सल्ल्यात तळमळ असते, पण तपशील नसतो. कोणते काम, कोणत्या क्षमतेवर, कोणाकडे आणि कोणत्या अटींवर मिळते, हे विद्यार्थ्याला कळत नाही. तो तपशील मांडण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

२. ‘कला’ या शब्दाचा घोळ

प्रथम संज्ञेचा विचार आवश्यक आहे. मराठीत ‘कला’ म्हटले की चित्र, शिल्प, गायन, नृत्य, अभिनय डोळ्यांसमोर येतात. कला शाखेत मात्र साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र असे विषय शिकवले जातात. हा अर्थ युरोपीय विद्यापीठांच्या परंपरेतून आला. तेथे मध्ययुगात व्याकरण, तर्क व वक्तृत्व ही तीन आणि अंकगणित, भूमिती, संगीत व ज्योतिष ही चार, अशा सात विद्यांना मिळून स्वतंत्र नागरिकाला शोभणाऱ्या विद्या मानले जाई. त्यांचा हेतू एखादा धंदा शिकवण्याचा नसून विचार, मांडणी आणि मोजणी यांची शिस्त अंगी बाणवण्याचा होता.

भारतीय परंपरेतील चौसष्ट कलांची कल्पना याहून निराळी आहे. तीत गायन-चित्रकलेबरोबर सुतारकाम, वास्तुविद्या, कोडी सोडवणे, देशभाषांचे ज्ञान अशा गोष्टी एकाच यादीत येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये बहुविद्याशाखीय शिक्षणाची चर्चा करताना बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील चौसष्ट कलांचा दाखला दिला आहे, तो याच कारणाने. विचाराची विद्या आणि हाताचे कसब यांच्यात तेथे भिंत नव्हती.

आपल्या महाविद्यालयांनी पहिल्या परंपरेतून विषय घेतले आणि दुसरीतील कसब बाहेर ठेवले. त्यामुळे मराठी साहित्य शिकलेल्या विद्यार्थ्याला कथेचे रसग्रहण करता येते, पण मुद्रितशोधनाच्या खुणा ठाऊक नसतात. इतिहास शिकलेल्याला मराठ्यांच्या महसूलपद्धतीवर टिपण लिहिता येते, पण त्या काळाचा कागद वाचता येत नाही. पुढील सर्व विवेचनाचे सूत्र हेच आहे. सर्जनशील व्यवसायासाठी विषयाचे ज्ञान, एक निश्चित कसब आणि दाखवता येईल असे पूर्ण केलेले काम, या तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. पदवी यांपैकी पहिली गोष्ट देते. उरलेल्या दोन मिळवाव्या लागतात.

३. दोन प्रवास

हे सूत्र स्पष्ट होण्यासाठी सर्वपरिचित अशा दोन व्यक्तींचे व्यवसायजीवन पाहणे उपयुक्त ठरेल. त्यांचे मोठेपण सांगणे हा येथे हेतू नाही. त्यांच्या कामाची बांधणी कशी झाली, एवढेच पाहायचे आहे.

शान्ता शेळके (१९२२–२००२) यांचे शिक्षण पुण्याच्या स. प. महाविद्यालयात झाले. एम. ए. झाल्यानंतर त्यांनी आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग’मध्ये काही वर्षे संपादकीय विभागात काम केले. पुढे नागपूर व मुंबई येथील महाविद्यालयांत मराठीचे अध्यापन केले. चित्रपट परिनिरीक्षणाच्या कामाशीही त्यांचा संबंध आला. या सर्व काळात कविता, ललित लेखन, चित्रपटगीते आणि अनुवाद हे लेखन चालूच होते. लुइझा मे अल्कॉट यांच्या कादंबरीचा ‘चौघीजणी’ हा त्यांचा अनुवाद आजही वाचला जातो. कालिदासाचे ‘मेघदूत’ त्यांनी मराठीत आणले, जपानी हायकूही आणले. त्यांच्या एका अत्यंत लोकप्रिय भावगीतामागे शीलाभट्टारिकेचा संस्कृत श्लोक आहे. पाठ्यपुस्तकातील संस्कृत काव्य आणि ध्वनिमुद्रिकेवरचे गीत यांच्यामध्ये जे अंतर वाटते, ते चालीवर शब्द बसवण्याच्या कसबाने ओलांडले गेले. येथे लक्षात घ्यायची बाब अशी की, त्यांच्या उपजीविकेचा आधार एकाच कामावर नव्हता. अध्यापन, संपादन, गीतलेखन व अनुवाद ही कामे एकमेकांना पोसत होती.

सुमित्रा भावे (१९४३–२०२१) यांचा प्रवास सामाजिक शास्त्रांतून झाला. राज्यशास्त्र व समाजशास्त्र हे त्यांच्या पदव्युत्तर अभ्यासाचे विषय होते. टाटा समाजविज्ञान संस्थेत त्यांनी समाजकार्याचे शिक्षण घेतले आणि पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत सुमारे दहा वर्षे शिकवले. ‘स्त्रीवाणी’ या संशोधन प्रकल्पात स्त्रियांच्या स्वप्रतिमेचा अभ्यास करताना त्यांच्यापुढे एक अडचण आली. ज्या स्त्रियांविषयी अहवाल लिहायचा, त्यांच्यापैकी अनेकींना तो वाचताच येणार नव्हता. या अडचणीतून ‘बाई’ (१९८५) हा लघुपट तयार झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. पुढे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या सुनील सुकथनकर यांच्या साथीने त्यांनी ‘दोघी’, ‘देवराई’, ‘अस्तु’ यांसारखे चित्रपट केले आणि त्यांच्या ‘कासव’ला ६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. स्किझोफ्रेनिया, स्मृतिभ्रंश, नैराश्य असे विषय त्यांनी हाताळले. त्यामागे मुलाखत घेण्याची, ऐकून घेण्याची आणि माणसाला त्याच्या परिस्थितीसह पाहण्याची संशोधकाची सवय होती.

या दोन्ही उदाहरणांत अभ्यासविषय मागे पडला नाही, तो कामाचे भांडवल झाला. कसब मात्र वेगळे शिकावे लागले, किंवा ज्याच्याजवळ आहे त्याच्याशी भागीदारी करावी लागली.

४. कामाची प्रमुख क्षेत्रे

४.१ अनुवाद आणि भाषाव्यवहार

अनुवाद म्हटले की कथा-कादंबरी आठवते. प्रत्यक्षात साहित्यिक अनुवादावर गुजराण होणारे थोडे. बहुसंख्य काम माहितीपर स्वरूपाचे असते : शासकीय परिपत्रके, बँका व विमा कंपन्यांची पत्रके, औषधांसोबतच्या सूचना, मोबाइलवरील ॲपमधील मजकूर, स्वयंसेवी संस्थांची प्रशिक्षण-पुस्तिका. या कामात शैलीपेक्षा परिभाषेची एकवाक्यता महत्त्वाची असते. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने (स्थापना १९६०) तयार केलेले परिभाषा कोश व शासनव्यवहारात मराठीसाठीचे साहित्य हे या क्षेत्रातील मूलभूत साधन आहे. भाषा विषयाच्या किती विद्यार्थ्यांनी पदवीपूर्वी हे कोश हाताळलेले असतात, याचा विभागांनी विचार करावा.

केंद्र शासनाच्या कार्यालयांत अनुवादकांची पदे असून त्यांची भरती कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून होते. त्यासाठी हिंदी किंवा इंग्रजीतील पदव्युत्तर पदवी लागते आणि दुसरी भाषा पदवी स्तरावर विषय किंवा माध्यम म्हणून असावी लागते. याखेरीज अनुवादाची पदविका किंवा अनुभव अपेक्षित असतो. बी. ए.च्या पहिल्या वर्षी इंग्रजी वा हिंदी विषय निवडताना किंवा सोडताना विद्यार्थ्याला ही अट सांगितली गेली, तर एक दरवाजा उघडा राहतो. ती नंतर कळली, तर उपयोग नसतो. साहित्यिक अनुवादाच्या बाबतीत साहित्य अकादमी (स्थापना १९५४) व नॅशनल बुक ट्रस्ट (स्थापना १९५७) या संस्था भारतीय भाषांमध्ये परस्परांत अनुवाद प्रसिद्ध करतात. मराठीतून कन्नड, गुजराती, तेलुगू या शेजारभाषांत आणि तेथून मराठीत थेट अनुवाद करणारे फार कमी आहेत. सीमाभागातील द्विभाषिक विद्यार्थ्यांना घरातच मिळालेली ही संपत्ती बहुधा तिचे मोल न कळताच वाया जाते.

४.२ दृकश्राव्य माध्यमे

मालिका, चित्रपट, वेबमालिका आणि ध्वनिपुस्तके यांच्यामागे लिहिणाऱ्यांची मोठी फळी असते. पटकथा आणि संवाद ही दोन निराळी कामे आहेत, हे विद्यार्थ्यांना सहसा माहीत नसते. पटकथाकार घटनांचा क्रम व दृश्यांची रचना ठरवतो, तर संवादलेखक पात्रांच्या तोंडची भाषा घडवतो. दैनंदिन मालिकांमध्ये कथा, पटकथा व संवाद ही कामे वेगवेगळ्या व्यक्तींकडे असणे ही सर्वसाधारण पद्धत आहे. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा आगरी बोली अस्सलपणे लिहिता येणे हे येथे कसब ठरते. प्रमाणभाषेच्या आग्रहापायी वर्गात दडपली गेलेली बोली या क्षेत्रात उपयोगाला येते.

उपशीर्षके आणि भाषांतरित ध्वनिमुद्रण, म्हणजे डबिंग, यांना स्वतःची शिस्त आहे. उपशीर्षक पडद्यावर जेमतेम काही सेकंद राहते आणि ते दोन ओळींत बसवावे लागते, म्हणून वाक्याचा आशय राखून शब्द कमी करावे लागतात. डबिंगमध्ये पात्राच्या ओठांच्या हालचालीशी शब्दांची लांबी जुळवावी लागते. वृत्त आणि मात्रा शिकलेल्या विद्यार्थ्याला ही कसरत अपरिचित वाटू नये. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्याने दृकश्राव्य मजकूर सुगम करण्याची, म्हणजे मथळेपट्टी, सांकेतिक भाषा व ध्वनिवर्णन उपलब्ध करण्यासाठी उपाययोजना करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. अंध श्रोत्यासाठी दृश्याचे नेमके वर्णन शब्दांत करणे हे साहित्याच्या विद्यार्थ्याला साजेसे आणि समाजोपयोगी काम आहे.

४.३ इतिहास, वारसा आणि संग्रहालये

मोडी लिपीचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात असलेली ही लिपी नंतर विस्मरणात गेली. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर, भारत इतिहास संशोधक मंडळाचा (स्थापना १९१०) संग्रह आणि असंख्य घरांतील जुने दस्तऐवज याच लिपीत आहेत. सप्टेंबर २०२३मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसुली व शालेय दप्तरांतील मोडी नोंदी वाचणाऱ्यांची गरज जिल्ह्या-जिल्ह्यांत भासली. ज्या लिपीकडे छंद म्हणून पाहिले जात होते, तिच्यावर एकाएकी नागरिकांचे हक्क अवलंबून असल्याचे दिसून आले. पुराभिलेख संचालनालयाकडून मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतले जातात. वाचन सरावाने येते, पण ‘बितपशील’ किंवा ‘किता’ यांसारखे दप्तरी शब्द आणि शुहूर सन समजण्यासाठी इतिहासाचेच शिक्षण लागते. म्हणून केवळ लिपी शिकलेल्यापेक्षा इतिहासाचा पदवीधर येथे सरस ठरतो.

जुलै २०२५मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी ११ किल्ले महाराष्ट्रात आहेत : साल्हेर, शिवनेरी, लोहगड, राजगड, खांदेरी, रायगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. बारावा जिंजी तमिळनाडूत आहे. नाशिकपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांत पसरलेल्या या किल्ल्यांवर येणाऱ्या पाहुण्यांना जबाबदार माहिती देणारे मार्गदर्शक, नकाशे व फलक लिहिणारे लेखक, शालेय सहलींसाठी उपक्रम आखणारे शिक्षक यांची गरज स्थानिक पातळीवर निर्माण होत आहे. ऐकीव दंतकथा आणि पुराव्याने सिद्ध इतिहास यांतील भेद सांभाळून रंजक बोलणे हे येथील कसब आहे. ते इतिहास विभागच शिकवू शकतो.

संग्रहालयांचे काम याला जोडून येते. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय व डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय यांसारख्या संस्थांत प्रदर्शनाची आखणी, वस्तूंची नोंद, शैक्षणिक उपक्रम आणि माहितीफलकांचे लेखन ही कामे चालतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२पासून संग्रहालयशास्त्राचे शिक्षण दिले जाते. वस्तू, तिचे द्रव्य, काळ, स्थान आणि महत्त्व हे सारे उभ्याने वाचता येईल अशा एका परिच्छेदात सांगणे ही लेखनाची कठीण परीक्षा आहे.

४.४ प्रकाशन, संपादन आणि कोशकार्य

मराठी ग्रंथव्यवहारात संपादन हे दुर्लक्षित राहिलेले कसब आहे. हस्तलिखिताची तपासणी, तथ्यांची पडताळणी, शुद्धलेखन, सूची तयार करणे, मलपृष्ठावरील मजकूर लिहिणे, हे सर्व कोणी तरी करावे लागते. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली सुरू केलेली दिवाळी अंकांची प्रथा आजही चालू आहे आणि दर वर्षी श्रावणापासून दिवाळीपर्यंत मुद्रितशोधकांना हंगामी काम मिळते. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली प्रसिद्ध झाला. वाईतील त्या कार्यालयात नोंदी लिहिण्या-तपासण्याची जी शिस्त रुजली, ती संपादनाची शाळाच होती. पदवीच्या अंतिम वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याने शंभर पृष्ठांचे मुद्रितशोधन चोख केलेले असेल, तर ते गुणपत्रिकेपेक्षा अधिक बोलते.

४.५ भाषातंत्रज्ञान

केंद्र शासनाने जुलै २०२२मध्ये ‘भाषिणी’ हा भारतीय भाषांसाठीचा उपक्रम सुरू केला. यंत्रानुवाद, वाणी-ओळख आणि संवादप्रणाली यांसाठी शुद्ध, वर्गीकृत आणि बोलीवैविध्य असलेली मराठी सामग्री लागते. वाक्यांना व्याकरणिक खुणा करणे, यंत्राने दिलेल्या उत्तरांची तपासणी करणे, चुकांचे प्रकार ठरवणे, ही कामे भाषाविज्ञान जाणणाऱ्याची आहेत. हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की, याच यंत्रांनी साध्या अनुवादाचे व जाहिरातमजकुराचे दर खाली आणले आहेत. अनेक ठिकाणी आता अनुवादकाला यंत्राचा कच्चा मसुदा दुरुस्त करण्याचे काम मिळते आणि त्याचा मोबदला मूळ अनुवादापेक्षा कमी असतो. ज्याला केवळ शब्दाला शब्द देता येतो, त्याची जागा धोक्यात आहे. ज्याला चूक कोठे आणि का झाली हे सांगता येते, त्याची गरज टिकून आहे.

५. पुढील शिक्षणाचे दरवाजे

सर्जनशील क्षेत्रांतील अनेक नामांकित संस्था कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेशपरीक्षेस बसू देतात, ही बाब ग्रामीण भागात पोहोचलेली नाही. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधील (स्थापना १९६०) दिग्दर्शन, पटकथालेखन यांसारख्या अभ्यासक्रमांना पदवी कोणत्या विषयातील आहे याचे बंधन नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला (स्थापना १९५९) पदवी आणि नाट्यप्रयोगांचा अनुभव अपेक्षित असतो. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी येथे मराठी रंगभूमीच्या परंपरेत शिक्षण मिळते. डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठीच्या सीईईडी या सामायिक परीक्षेला किमान तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम केलेल्याला बसता येते. मात्र प्रत्येक संस्थेच्या प्रवेशाच्या अटी स्वतंत्र असतात, त्या तपासून घ्याव्या लागतात.

या परीक्षांत पाठांतर उपयोगी पडत नाही. निरीक्षण, कल्पकता, सामान्य सांस्कृतिक जाण आणि स्वतःचे काम यांची पारख होते. त्यामुळे तयारी तिसऱ्या वर्षाच्या शेवटी सुरू करून भागत नाही. महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा, भित्तिपत्रक, वार्षिक अंक यांतून ती पहिल्या वर्षापासून घडते.

६. वाटेवरील अडचणी

या क्षेत्रांचे केवळ उजळ चित्र रंगवणे विद्यार्थ्यावर अन्याय करणारे ठरेल. पहिली अडचण उत्पन्नाच्या अनिश्चिततेची आहे. यांतील बहुतेक काम कंत्राटी आणि कामागणिक मोबदल्याचे असते. पहिली दोन-तीन वर्षे ‘अनुभव मिळेल’ या नावाखाली विनामोबदला काम करून घेतले जाते. ज्याच्या घरी मुंबई-पुण्यात राहण्याची सोय आहे, त्याला ती वर्षे काढता येतात. शेतमजुराच्या मुलीला ती परवडत नाहीत. म्हणून गुणवत्ता सारखी असूनही संधी सारखी राहत नाही. अशा विद्यार्थ्याला नोकरी सोडून कलेच्या मागे लागण्याचा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे आहे. स्थिर उत्पन्नाचे एक काम आणि त्याच्या जोडीने वाढत जाणारे दुसरे, ही बांधणी त्याच्यासाठी अधिक सुरक्षित आहे. शान्ता शेळके यांच्या उदाहरणातही अध्यापनाचा आधार होताच.

दुसरी अडचण कायद्याच्या अज्ञानाची आहे. कॉपीराइट कायदा १९५७नुसार हक्कांचे हस्तांतर लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल, तर तो भारतापुरता मानला जातो. २०१२च्या दुरुस्तीने चित्रपटात समाविष्ट झालेल्या गीत-संवादादी साहित्यकृतींच्या लेखकांना चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या स्वामित्वधनात समान वाटा दिला आणि तो हक्क करारानेही सोडून देता येणार नाही, अशी तरतूद केली. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा हक्क मात्र, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जातो. मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे कथा-पटकथेची नोंदणी करण्याची सोय आहे. या चार-पाच गोष्टी एका तासिकेत सांगता येतात. त्या माहीत नसल्यामुळे झालेले नुकसान मात्र आयुष्यभर भरून निघत नाही.

तिसरी अडचण इंग्रजीची आहे. मराठीत उत्तम लिहिणाऱ्यालाही काम देणाऱ्याशी पत्रव्यवहार, करार आणि सूचनापत्रे इंग्रजीत समजून घ्यावी लागतात. साहित्यिक इंग्रजीपेक्षा हे व्यावहारिक इंग्रजी निराळे असून ते थोड्या प्रयत्नात शिकता येते.

७. महाविद्यालयांना काय करता येईल

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत शैक्षणिक वर्ष २०२४-२५पासून नव्या धोरणानुसार पदवीची रचना लागू झाली आहे. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीसाठी किमान १६० श्रेयांक आहेत. मुख्य विषयाबरोबर व्यावसायिक कौशल्य अभ्यासक्रम, कौशल्यवृद्धी अभ्यासक्रम, क्षेत्रीय प्रकल्प आणि कार्यप्रशिक्षण हे घटक त्यात आहेत. हे घटक आज अनेक ठिकाणी कागदोपत्री पूर्ण केले जातात. त्यांनाच खरा आशय दिला, तर वेगळ्या निधीशिवायही पुष्कळ साधते. त्या दृष्टीने पुढील सूचना विचारार्थ मांडता येतील.

(१) मराठी, हिंदी व इंग्रजी विभागांनी व्यावसायिक कौशल्य अभ्यासक्रमात मुद्रितशोधन, माहितीपर अनुवाद व उपशीर्षकलेखन यांपैकी एक कसब निवडून ते पूर्णपणे शिकवावे. पाच विषयांची तोंडओळख करून देण्यापेक्षा एकाचा सराव अधिक उपयोगी आहे.

(२) इतिहास विभागाने मोडीचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीचे साहाय्य घेऊन परिसरातील कुटुंबांच्या संमतीने जुन्या कागदपत्रांची सूची तयार करावी. क्षेत्रीय प्रकल्पाला याहून चांगला विषय नाही.

(३) समाजशास्त्र व मानसशास्त्र विभागांनी सर्वेक्षणाचे निष्कर्ष अहवालाबरोबरच दहा मिनिटांच्या ध्वनिमालिकेच्या किंवा लघुपटाच्या रूपात मांडण्याची मुभा द्यावी.

(४) कार्यप्रशिक्षणासाठी तालुक्याचे वृत्तपत्र, मुद्रणालय, आकाशवाणी वा सामुदायिक रेडिओ केंद्र, सार्वजनिक ग्रंथालय आणि स्थानिक संग्रहालय यांच्याशी लेखी सामंजस्य करावे. त्यात कामाचे स्वरूप, तास आणि श्रेयनामावलीत विद्यार्थ्याचे नाव यांची नोंद असावी.

(५) प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीच्या अखेरीस पूर्ण केलेल्या किमान तीन कामांची संचिका तयार करावी आणि विभागाने तिचे परीक्षण बाहेरील व्यावसायिकाकडून करून घ्यावे.

(६) माजी विद्यार्थ्यांपैकी या क्षेत्रांत काम करणाऱ्यांना बोलावताना यशाच्या कथेऐवजी पहिल्या वर्षाचे उत्पन्न, काम मिळण्याची रीत आणि झालेल्या फसवणुकी यांविषयी बोलण्याची विनंती करावी.

या सूचनांच्या अंमलबजावणीत अध्यापकांवरील कार्यभाराचा प्रश्न येतो, हे नाकारता येत नाही. रिक्त पदे आणि तासिका तत्त्वावरील नेमणुका यांमुळे एका अध्यापकावर अनेक कामे येतात. म्हणून सर्व सूचना एकदम न स्वीकारता प्रत्येक विभागाने वर्षाला एक, या गतीने जाणे व्यवहार्य ठरेल.

८. समारोप

कला शाखेची पदवी ही तयार नोकरीची हमी नाही, तशी ती निरुपयोगीही नाही. भाषा, काळ, समाज आणि माणूस समजून घेण्याची शिस्त ती देते. त्या शिस्तीला एका कसबाची आणि दाखवण्याजोग्या कामाची जोड मिळाली, तर अनुवादाच्या मेजापासून किल्ल्यावरच्या माहितीफलकापर्यंत अनेक ठिकाणी तिचे मोल होते. ही जोड देणे आजवर विद्यार्थ्याच्या नशिबावर किंवा घरच्या परिस्थितीवर सोपवले गेले. शहरातील सुस्थित मुलाला ती बाहेरून मिळते. तालुक्यातील पहिल्या पिढीच्या पदवीधराला ती महाविद्यालयातच मिळाली नाही, तर अन्यत्र कोठेही मिळत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. मराठीत काम करून सन्मानाने जगणारे पदवीधर वाढले, तरच त्या गौरवाला व्यवहारात अर्थ येईल. त्या कामाचा आरंभ पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात, विषयनिवडीच्या वेळी दिल्या जाणाऱ्या नेमक्या आणि प्रामाणिक माहितीतून होऊ शकतो.